मोकळ्या माळावर फिक्स का जातो? जीएनएसएस मोजणीतला रेडिओ गोंगाट ओळखायचा कसा

रोव्हर, म्हणजे पोलवर बसवून फिरवायचा जीएनएसएस (उपग्रहांवरून स्थान काढणारा) रिसीव्हर, हातात आल्यावर पहिले काही आठवडे सगळं सोपं वाटतं. पोल टेकवायचा, बबल मध्ये आणायचा, स्क्रीनवर ‘फिक्स’, म्हणजे सेंटिमीटरपर्यंत पक्कं स्थान, आलं की बटण दाबायचं. मग एक दिवस डोक्यावर झाड नाही, शेजारी भिंत नाही, तरी फिक्स येत नाही. आला तर टिकत नाही. अशा वेळी नवा माणूस मशीन बंद करून चालू करतो, पोल उचलून पंधरा पावलं सरकतो आणि शेवटी मशीन विकणाऱ्याला फोन लावतो. यातलं सरकणं बहुतेक वेळा बरोबर असतं, पण का बरोबर ते ठाऊक नसतं. या लेखात तेच बघू.

आधी सिग्नलची ताकद समजून घ्या

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून निघालेल्या सिग्नलचं तुमच्या अँटेनापाशी काय उरतं? एका वॅटचे कोटी भाग करा. त्यातल्या एका भागाचे पुन्हा कोटी. त्यातल्या एकाचे शंभर. असा जेमतेम एखाद-दीड भाग. रिसीव्हरच्या स्वतःच्या सर्किटमध्ये उष्णतेमुळे जी खरखर असते, तिच्याही खाली हा सिग्नल बुडालेला असतो. उपग्रहाचा कोड आधीच ठाऊक असतो, म्हणून रिसीव्हर तो उपसून काढू शकतो.

आता दुसऱ्या बाजूला १० मिलीवॅटचा एखादा खिशातला जॅमर घ्या. मोकळ्यावर १०० मीटर अंतरावर असला तरी त्याची ताकद तुमच्या अँटेनापाशी उपग्रहाच्या दहा लाख पटींहून जास्त भरते. सामना इतका विषम आहे. खरं तर रोजच्या रोज फिक्स मिळतो हेच नवल.

काही आकडे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. जीपीएसचे उपग्रह ज्या पट्ट्यांवर बोलतात त्यांतला एल१ हा १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, एल२ हा १२२७.६० वर आणि एल५ हा ११७६.४५ वर असतो. युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या उपग्रह यंत्रणांचेही काही सिग्नल नेमके १५७५.४२ आणि ११७६.४५ वरच आहेत. भारताच्या नाविकचा एल५ सुद्धा ११७६.४५ वर. रशियाच्या ग्लोनासचा पहिला पट्टा मात्र थोडा वर, १६०२ मेगाहर्ट्झच्या आसपास. पुढे गोंगाट कुठून येतोय ते शोधताना हेच आकडे कामी येतात.

गोंगाट आत शिरतो तो मुख्यतः तीन वाटांनी. काही वेळा कुणी थेट याच फ्रिक्वेन्सीवर प्रक्षेपण करत असतं. जॅमरचं कामच ते. काही वेळा दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवरच्या यंत्राची दुप्पट, तिप्पट पटीतली गळती नेमकी इथे येऊन पडते. ७८७.७१ ची दुप्पट करा, १५७५.४२ येतं. ४०९.२ ची तिप्पट करा, १२२७.६. हे दुसरं उदाहरण मुद्दाम दिलं, कारण बेसचे (एका जागी स्थिर राहून रोव्हरला दुरुस्तीचा डेटा पाठवणाऱ्या रिसीव्हरचे) यूएचएफ रेडिओ साधारण ४०० ते ४७० मेगाहर्ट्झच्या टापूतच चालतात. तिसरी वाट अशी की शेजारचं यंत्र आपल्या हक्काच्या फ्रिक्वेन्सीवर अगदी नियमात बोलत असतं, पण इतकं जवळून आणि इतकं मोठ्यानं, की तुमच्या अँटेनातला ॲम्प्लिफायरच चोंदतो. तिथे चूक कुणाचीच नसते, पण मोजणी तुमची बसते.

पहिली पायरी: निरोगी आकडा आधी पाहून ठेवा

प्रत्येक कंट्रोलरमध्ये (रिसीव्हर चालवायच्या हातातल्या यंत्रात) उपग्रहांची यादी दाखवणारं एक पान असतं. त्यात उपग्रहाच्या नंबरसमोर एसएनआर किंवा सी/एन-झिरो म्हणून एक आकडा दिसतो, एकक डीबी-हर्ट्झ. नवीन लोक हे पान उघडतच नाहीत, आणि माझ्या मते संपूर्ण कंट्रोलरमधलं सर्वात कामाचं पान तेच आहे. चांगल्या अँटेनाला मोकळ्या आकाशाखाली डोक्यावरच्या उपग्रहांसाठी एल१ वर ४५ ते ५० च्या घरात आकडा मिळतो, क्षितिजाजवळच्यांना तीस-पस्तीस. आकडा ३ ने घटला की सिग्नल आणि खरखर यांचं गुणोत्तर निम्म्यावर येतं, १० ने घटला की दहाव्या भागावर. म्हणजे ४७ चा ३७ होणं ही किरकोळ गोष्ट नाही.

जीपीएसच्या एल२ वर काही उपग्रहांचा आकडा मुळातच कमी दिसतो. तो दोष नव्हे. म्हणूनच कुणी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. वस्तीपासून दूर, निवांत जागी, स्वतःचं मशीन अर्धा तास लावून ठेवा आणि एल१, एल२, एल५ या प्रत्येकाचे आकडे उपग्रहाच्या उंचीनुसार वहीत उतरवा. स्क्रीनचे फोटो काढले तरी चालेल. हे केलेलं नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

दुसरी पायरी: करेक्शन अडलंय का ते बघा

फिक्स गेला की रेडिओ गोंगाटाकडे धावण्याआधी ‘करेक्शन एज’, म्हणजे बेसकडून आलेली शेवटची दुरुस्ती किती सेकंद जुनी आहे, ते पाहा. ते एक-दोन सेकंदांवर थांबलेलं असेल तर बेसचा डेटा नीट येतोय. ते दहा, वीस, तीस असं चढत चाललं असेल आणि उपग्रहांचे आकडे मात्र ठणठणीत असतील, तर तुमचं दुखणं बेस आणि रोव्हरमधल्या दुव्याचं आहे. यूएचएफ रेडिओचा चॅनल दुसऱ्या कुणी पकडलाय, रेडिओची अँटेना सैल आहे किंवा मोबाइलचं नेटवर्क गेलंय. हाही एक प्रकारचा रेडिओ व्यत्ययच, पण त्याचा उपाय वेगळा: चॅनल बदला, रेडिओची अँटेना उंच करा, दुसरं सिम घाला. उपग्रहांशी त्याचा संबंध नाही.

तिसरी पायरी: एकाचाच आकडा पडला की सगळ्यांचा?

एक-दोन उपग्रहांचेच आकडे पडले असतील आणि ते आकाशाच्या एकाच बाजूचे असतील, तर त्या बाजूला काहीतरी आडवं आहे किंवा तिकडून परावर्तन येतंय. पत्र्याचं छप्पर, उभा ट्रक, ओली झाडं. सगळ्या उपग्रहांचे आकडे एकाच क्षणी, साधारण सारख्याच मापाने खाली आले, तर गोंगाट. डोक्यावरचा उपग्रह ४८ वरून ३६ वर आणि क्षितिजाजवळचा ३४ वरून थेट गायब. इमारत असं करू शकत नाही.

मग पट्टे वेगळे करून पाहा. एल१ पडलाय पण एल५ जागच्या जागी आहे? गोंगाट १५७५ च्या आसपास आहे. फक्त ग्लोनास लंगडतोय? जवळपास कुणी इरिडियमचा सॅटेलाइट फोन वापरतंय का विचारा. त्याचा पट्टा १६१६ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, ग्लोनासच्या अगदी शेजारी. एल५ एकटाच पडलाय आणि विमानतळ जवळ आहे? विमानांचं अंतरमापक डीएमई ९६० ते १२१५ मेगाहर्ट्झमध्ये चालतं, एल५ त्याच्या पोटातच बसलेला आहे. एल२ च्या थोडं वर, १२४० ते १३०० मध्ये हौशी रेडिओवाल्यांचा पट्टा आहे. ग्लोनासचा दुसरा पट्टा आणि गॅलिलिओचा ई६ तिथेच येतात.

नव्या रिसीव्हरमध्ये स्पेक्ट्रमचा आलेखही दिसतो. सपाट पठारावर एखादा सुळका उभा दिसला की समजा पाहुणा आलाय. पण आलेख नसला तरी आकड्यांवरून नव्वद टक्के काम भागतं.

चौथी पायरी: बेसकडे परत जा

ही पायरी मी स्वतः दोन दिवस वाया घालवून शिकलो. एका रस्त्याच्या मोजणीवर होतो. बेस एका उंचवट्यावर ट्रायपॉडवर लावलेला, त्याच्यावर लक्ष राहावं म्हणून शेजारीच, चार पावलांवर, जीप. सकाळी काम झकास सुरू व्हायचं आणि मधूनच फिक्स गळायचा. रोव्हरवरचे आकडे उत्तम, करेक्शन एज एक सेकंद. उपग्रह दिसायचे तिसाच्या वर, पण हिशेबात घेतलेले पाच-सहा. उंचवट्याशेजारून उच्च दाबाची वीजवाहिनी जात होती, म्हणून मी सगळा दोष तिच्या माथी मारला आणि दुसऱ्या दिवशी रोव्हर घेऊन उगाचच तिच्यापासून लांब लांब फिरलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी बेसची बॅटरी बदलायला गेलो. मदतनीस जीपमध्ये बसून फोन चार्ज करत होता. मी बेसला कंट्रोलर जोडला तर सगळे उपग्रह एकतीस-बत्तीसवर. तेवढ्यात त्याने खाली उतरण्यासाठी किल्ली काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळे आकडे एकसाथ चढले: ३९, ४३, ४६. किल्ली पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा ३१. काचेवर चिकटवलेला एक स्वस्तातला डॅशकॅम किल्लीबरोबर चालू होत होता. त्याची वायर उपटली, विषय संपला.

यात दोन धडे होते. रोव्हरच्या स्क्रीनवर रोव्हरच्याच कानाला काय ऐकू येतंय ते दिसतं, बेसच्या कानाचं नाही. बेस बहिरा झाला तर रोव्हरकडे उपग्रह भरपूर दिसतात, पण दोघांना सामाईक असलेले तेवढेच हिशेबात येतात. तेव्हा ‘दिसणारे’ आणि ‘वापरलेले’ यांच्यात मोठी दरी पडली की पाय बेसकडे वळवा. बेस बिघडला तर त्याच्यावर चालणारे सगळे रोव्हर बिघडतात, हे वेगळं सांगायला नको.

आणि वीजवाहिनी निर्दोष होती. तारांभोवतीच्या विसर्गाचा गोंगाट खालच्या फ्रिक्वेन्सींवर जोरात असतो. गिगाहर्ट्झच्या वर पोचेपर्यंत तो बराच विरलेला असतो. मनोऱ्याच्या लोखंडावरून परावर्तन होईल, आड येईल, यूएचएफचा दुवाही खरखरेल. पण ‘वर तारा आहेत म्हणून जीपीएस चालत नाही’ हे वाक्य मी तेव्हापासून पुराव्याशिवाय मानत नाही.

पाचवी पायरी: आधी आपलं घर झाडा

शेजाऱ्यावर संशय घेण्यापूर्वी आपल्या सामानातली एकेक वस्तू बंद करत जा आणि प्रत्येक वेळी आकड्यांकडे पाहा. डॅशकॅम, गाडीतला यूएसबी चार्जर, इन्व्हर्टर, वॉकीटॉकी, लॅपटॉप. यूएसबी ३ च्या उघड्या किंवा हलक्या प्रतीच्या केबल विस्तृत पट्ट्यात गोंगाट सोडतात, आणि ड्रोनवर तर त्या जीएनएसएस अँटेनापासून वीतभर अंतरावर असतात. ड्रोनवर कॅमेरा जोडला की उपग्रह कमी होतात आणि काढला की वाढतात, असं दिसलं तर केबल आणि तिचं कवच तपासा.

बेसच्या रेडिओची प्रक्षेपण अँटेना जीएनएसएस अँटेनाच्याच ट्रायपॉडवर बांधायची सवय काहींना असते. रेडिओ कमी ताकदीचा असेल तर निभावतं. ३५ वॅटचा असेल तर त्याला वेगळा दांडा आणि मध्ये काही मीटर मोकळी जागा हवीच. अँटेनाची केबल चिमटलेली नाही, कनेक्टरमध्ये पाणी गेलेलं नाही, हेही पाहा. खराब केबलमुळे सगळे आकडे एकसाथ पडतात आणि हुबेहूब गोंगाटासारखंच दिसतं. फरक एवढाच, की जागा बदलली तरी ते सुधारत नाहीत.

नुसत्या ऐकणाऱ्या यंत्रांनाही संशयातून सोडू नका. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग बंदरात जीपीएस नीट चालेना. शोधाशोध झाल्यावर उगम निघाला बोटींवरच्या टीव्ही अँटेनांमध्ये: त्यांतले ॲम्प्लिफायर आपोआप दोलायमान होऊन एल१ वर बोलत होते. अँटेना टीव्ही पाहण्यासाठी होत्या, त्या काही प्रक्षेपण करतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

सहावी पायरी: सरका, खाली उतरा, पाठ फिरवा

उगम बाहेरचा आहे असं ठरलं तर अंतर हे तुमचं हत्यार. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की गोंगाटाची ताकद चौथाईवर येते, म्हणजे ६ डेसिबलने. मोबाइल मनोऱ्यापासून २० मीटरवर अडलेलं काम ८० मीटरवर सुरळीत होतं, ते यामुळे.

दुसरं हत्यार उंची, आणि इथे नवशिक्यांचा कल उलटा असतो. ‘बेस जितका उंच तितका चांगला’ हे अर्धसत्य आहे. उपग्रह वर असतात आणि गोंगाट बहुधा जमिनीवरून, क्षितिजाच्या अंगाने येतो. शहरातल्या सर्वात उंच गच्चीला परिसरातले सगळे मनोरे दिसतात, आणि त्या मनोऱ्यांना तुमची अँटेना. त्यापेक्षा आजूबाजूला कमरेएवढा कठडा असलेली मधली गच्ची, किंवा मातीचा बांध मध्ये येईल अशी थोडी सखल जागा बरेचदा बरी. आकाश मोकळं राहिलं पाहिजे, एवढं सांभाळा.

दिशा शोधायला एक जुना जुगाड आहे. रिसीव्हर पोलवरून काढा, छातीशी धरा आणि जागेवरच हळूहळू गोल फिरा. माणसाचं शरीर पाण्याने भरलेलं असल्याने या लहरी बऱ्यापैकी अडवतं. तुमची पाठ उगमाकडे आली की गोंगाट अडतो आणि एकूण आकडे वर येतात. पाठीमागचे काही उपग्रहही झाकले जातात, म्हणून डोक्यावरच्या दोन-तीन उपग्रहांवरच नजर ठेवा. प्रत्येक दिशेला दहा-पंधरा सेकंद थांबा, कारण कंट्रोलर आकडे सरासरी काढून दाखवतो. मग पन्नास मीटर सरकून पुन्हा तेच. नकाशावर दोन दिशांच्या रेषा जिथे छेदतात तिथे जाऊन पाहा. धातूच्या भिंतींजवळ ही युक्ती फसवते, बाकी ठिकाणी चालते.

सातवी पायरी: घड्याळ काय सांगतं?

जीपीएस उपग्रहांची आकाशातली मांडणी साधारण २३ तास ५६ मिनिटांनी पुन्हा तशीच येते. त्यामुळे परावर्तनाचा त्रास रोज चार मिनिटं आधी सुरू होतो. माणसाचा गोंगाट माणसाच्या घड्याळाने चालतो: रोज सकाळी नऊला कारखाना सुरू झाला की, किंवा रविवार सोडून. बेसच्या दोन-तीन दिवसांच्या कच्च्या फायलींतून एसएनआरचा आलेख काढून एकावर एक ठेवा. खड्डा चार-चार मिनिटांनी सरकत असेल तर भिंत शोधा, जागचा हलत नसेल तर माणूस शोधा. दोन-तीन मिनिटांचे, वेळ-काळ नसलेले खड्डे हमरस्त्याच्या कडेला दिसले तर ते जाणाऱ्या वाहनातल्या जॅमरचे असू शकतात. अमेरिकेत नेवार्क विमानतळावर २००९ च्या सुमारास विमान उतरवण्याची जीपीएस-आधारित यंत्रणा अधूनमधून अडायची. मूळ निघालं शेजारच्या महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकांमधल्या जॅमरमध्ये. मालकाला गाडीचा ठावठिकाणा कळू नये एवढाच त्या चालकांचा हेतू.

सूर्यही यात येतो. ६ डिसेंबर २००६ रोजी सूर्यावरून उसळलेल्या रेडिओ स्फोटाने पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूचे जीपीएस रिसीव्हर एकाच वेळी गडबडले होते. आणि चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांच्या प्रदेशांत सूर्यास्तानंतर काही तास आयनांबर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) अस्थिर होतं, विशेषतः सूर्याच्या सक्रियतेच्या वर्षांत. तेव्हा आकडे नाचतात, सायकल स्लिप (लहरींची मोजणी मध्येच तुटणं) वाढतात. तो गोंगाट नव्हे, पण स्क्रीनवर भाऊच वाटतो. ओळख अशी, की एकेका उपग्रहाचा आकडा आपापल्या लयीत हलतो, सगळे एकत्र नाही. उपाय सोपा: काम सकाळी करा.

तरीही मोजायचंच असेल तर

फ्लोट, म्हणजे फिक्सच्या आधीची अंदाजी अवस्था, प्रामाणिक असतो. तो सांगतो की मला नक्की माहीत नाही. भीती खोट्या फिक्सची. गोंगाटात उपग्रह कमी होतात, मोजमापं मळतात आणि रिसीव्हर उपग्रहापर्यंतच्या लहरींच्या चुकीच्या पूर्णांकांवर स्थिरावून ‘फिक्स’ म्हणून हिरवा दिवा दाखवतो. चूक मग सेंटिमीटरची राहत नाही, डेसिमीटरच्या वर जाते. म्हणून संशयाच्या जागी बिंदू घेतला की फिक्स मुद्दाम तोडा, नव्याने मिळवा आणि पुन्हा घ्या. तासाभराने, आकाश बदलल्यावर, तिसऱ्यांदा घ्या. दिवसातून दोनदा ज्ञात कंट्रोल पॉइंटवर पोल टेकवा. तीन मोजण्या जुळत नसतील तर शे-दोनशे मीटर लांब स्वच्छ जागी दोन बिंदू पक्के करा आणि आतलं काम टोटल स्टेशनने (दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) उरका. यात कमीपणा नाही.

सगळ्या उपग्रहांचे आकडे एकदम *वाढले*, क्षितिजाजवळचे आणि डोक्यावरचे एकसारखे झाले आणि वेळ किंवा स्थान उडी मारून बदललं, तर तो वेगळा प्रकार. कुणीतरी बनावट सिग्नल सोडतंय. तिथली त्या वेळची एकही नोंद वापरू नका.

गोंगाट रोजचाच असेल तर तुमच्या देशाच्या स्पेक्ट्रम नियामकाकडे तक्रार करता येते. जॅमर वापरणं अनेक देशांत गुन्हा आहे. ‘जीपीएस चालत नाही’ एवढ्यावर कुणी हलणार नाही, नोंदी मात्र वाचल्या जातात. कच्ची फाइल जपून ठेवा आणि वहीत अशा ओळी लिहा: बेसची जागा, अँटेनाची उंची. १०:४२ ला सर्व एल१ ४५ वरून ३३. एल५ जैसे थे. आपली सर्व यंत्रं बंद. ६० मीटर पूर्वेला सरकल्यावर एल१ ४१. १०:४९ ला पूर्ववत. त्याच सुमारास रस्त्याकडेला उभा टँकर निघाला. दुसऱ्या दिवशी ११:०५, तोच टँकर, पुन्हा ३३.